लू, पुरवैया आणि आंधी : उत्तरेच्या मैदानातील ग्रीष्माचा एक आठवडा आणि त्याची नावे

सतलजपासून गंडकीपर्यंत पसरलेल्या उत्तर भारताच्या सपाट मैदानातील उन्हाळा म्हणजे तीन महिन्यांची अखंड आणि एकसुरी भट्टी, असा दक्षिणेकडील वाचकाचा सर्वसाधारण समज असतो. शालेय भूगोलाने तो दृढ केला आहे. वस्तुतः एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्या मैदानावर हवेचे जितके पालट होतात, तितके पावसाळ्यातही होत नसावेत. कोरडा पश्चिम वारा, दमट पूर्व वारा, धुळीची भिंत, चार थेंबांचा पाऊस, क्वचित गारा आणि पुन्हा कोरडा वारा, हे चक्र कित्येकदा आठ दिवसांच्या आत पुरे होते. ह्या प्रत्येक अवस्थेला तेथील बोलींत स्वतंत्र नाव आहे. ही नावे कोणत्या तत्त्वावर पडली आहेत, हवामानखात्याच्या पत्रकांतील परिभाषेशी त्यांचा मेळ कितपत बसतो, आणि तो न बसल्याने काय होते, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तिसरा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

विवेचनासाठी सोमवार ३० एप्रिल २०१८ ते सोमवार ७ मे २०१८ हा आठवडा घेतला आहे. त्याच्या पहिल्या दिवशी मैदानाच्या पश्चिमेस, सिंधमधील नवाबशाह येथे, ५०.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. एप्रिल महिन्यातील हा आकडा असाधारण होता. तिसऱ्या दिवशी, बुधवार २ मे रोजी, सायंकाळी व रात्री राजस्थानातील अलवर, भरतपूर व धोलपूर ह्या जिल्ह्यांवर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा व आसपासच्या मुलखावर धुळीचे प्रचंड वादळ कोसळले. शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी चाळीसांहून अधिक एकट्या आग्रा जिल्ह्यातील होती. आठवड्याच्या अखेरीस, ७ व ८ मे ह्या दोन दिवशी, पुढील वादळाच्या इशाऱ्यामुळे हरियाणातील शाळा बंद ठेवण्यात आल्या. एका आठवड्यात एवढे घडले.

प्रथम महिन्याच्या नावाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ३० एप्रिल २०१८ ही वैशाखी पौर्णिमा होती. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून २ मेची रात्र पुण्याच्या पंचांगात वैशाख वद्य द्वितीयेची, तर आग्र्याच्या पंचांगात ज्येष्ठ कृष्ण द्वितीयेची होती. तिथी तीच, चंद्र तोच, महिना मात्र निराळा. 'जेठ' ह्या शब्दाभोवती हिंदी भाषकाच्या मनात दाहाचे जे वलय आहे, ते मराठी 'ज्येष्ठ' शब्दाभोवती नाही. मराठी ज्येष्ठाला मृगाच्या सरी आणि वटपौर्णिमा चिकटलेली आहे. हाच प्रकार रोहिणी नक्षत्राचा. साधारण २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या लेखी रोहिणी हे पावसाच्या आशेचे पहिले नक्षत्र होय. उत्तरेत त्याचे पहिले नऊ दिवस म्हणजे 'नौतपा', वर्षातील सर्वाधिक तापाचे दिवस. ते पुरते तापले नाहीत, मध्येच पाऊस पडला, तर पुढचा पावसाळा बिघडतो, अशी तेथील समजूत आहे. नागपुराकडील मराठी वृत्तपत्रांत मेच्या शेवटच्या आठवड्यात 'नवतपा' हा शब्द सर्रास आढळतो. कोकणात किंवा देशावर तो परका वाटेल. विदर्भाची हवा ही बव्हंशी मध्य भारताची हवा असल्याने हवेपाठोपाठ शब्दही आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वाऱ्यांकडे वळू. मैदानातील माणूस वारा मुख्यतः दिशेने ओळखतो. पश्चिमेकडून येणारा तो 'पछुआ' किंवा 'पछवा', पूर्वेकडून येणारा तो 'पुरवा', 'पुरवैया' किंवा 'पुरवाई'. मराठीतही 'मतलई वारे' आणि 'खारे वारे' अशी जोडी आहे, परंतु ती किनाऱ्याच्या दैनंदिन अनुभवातून आलेली असून देशावरच्या माणसाला ती पाठ्यपुस्तकातूनच भेटते. मैदानातील जोडी मात्र रोजच्या व्यवहारातील आहे. राजस्थानच्या वाळवंटावरून येणारा पछुआ कोरडा असतो. गव्हाची कापणी एप्रिलमध्ये आटोपते, आणि मळणी व उफणणी ह्यांना असाच वारा लागतो. पछुव्यात उफणलेल्या धान्याला कीड लागत नाही, अशा आशयाचे एक वचन घाघाच्या नावावर सांगितले जाते. घाघ आणि भड्डरी ह्या दोन नावांनी प्रसिद्ध असलेली हवामानविषयक वचने अवध, भोजपूर व बिहार ह्या प्रदेशांत घरोघर ठाऊक होती. ह्यांतील भड्डरी गुजरातेत 'भडली' आणि मराठीत 'भाडळी' होऊन भेटते. 'सहदेव-भाडळी' हे नाव ज्याने ऐकले नाही असा जुना मराठी शेतकरी विरळाच. यंत्राने एकाच दमात कापणी व मळणी होऊ लागल्यापासून वचनाचा उपयोग उरला नाही, वचन मात्र राहिले आहे.

हाच पछुआ दुपारी तापून वाहू लागला की त्याची 'लू' होते. येथे नामकरणाचे तत्त्व बदलते. 'लू' ह्या शब्दात दिशा नाही. शरीरावर होणारा परिणाम आहे. 'लू चलती है' आणि 'लू लगती है' हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. पहिल्यात लू हा वारा, दुसऱ्यात तीच व्याधी. मराठीत वाऱ्याला 'झळा' म्हणतात आणि व्याधीला 'ऊन लागणे'. आपल्याला सूर्य बाधतो, त्यांना वारा बाधतो. हा भेद निव्वळ शब्दांचा नव्हे. चाळीस अंशांवरील कोरडा वारा त्वचेवरील घाम क्षणात सुकवितो, आणि हवा देहाहून अधिक तापलेली असल्यामुळे ती देहात उष्णता भरते. सावलीत बसलेल्यालाही लू लागू शकते. म्हणूनच खिशात कांदा बाळगण्याची चाल आणि कैरीच्या पन्ह्याचा आग्रह. कांद्याचे कार्य बहुधा मानसिक असावे, परंतु पाणी आणि मीठ भरून काढणाऱ्या पन्ह्याविषयी वैद्यकालाही तक्रार नसावी. मराठी 'पन्हे' व हिंदी 'पना' ही दोन्ही रूपे संस्कृत 'पानक' शब्दापासून आलेली आहेत, इतके जाता जाता नमूद करावे.

हवामानखात्याच्या हिंदी पत्रकांनी ह्या शब्दाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. 'उष्णतेची लाट' ह्या शास्त्रीय संज्ञेसाठी तेथे 'लू' किंवा 'उष्ण लहर (लू)' असा प्रयोग होतो. खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असावे आणि ते सरासरीहून ४.५ अंशांनी तरी अधिक असावे, म्हणजे उष्णतेची लाट; ६.४ अंशांहून अधिक फरक पडल्यास ती तीव्र लाट. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले तर सरासरीचा विचार न करता लाट, ४७ वर गेले तर तीव्र लाट. ह्या व्याख्येत वारा कोठेही नाही. ज्या शब्दाचा प्राण वारा होता, तो तापमापकातील एका रेघेचे नाव झाला. शब्द लोकांचा आणि अर्थ खात्याचा, अशी ही जुळणी आहे. वरवर पाहता ती सोयीची दिसते, कारण नव्या संस्कृत शब्दाची घडण टळली. परंतु तिचा दोष पूर्वेचा वारा सुटल्यावर दिसून येतो.

पुरवैया बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येते. पारा चार-पाच अंशांनी उतरतो, आणि पत्रकातील 'लू' संपते. प्रत्यक्षात माणसाचे हाल मात्र कमी होत नाहीत. हवेत ओलावा असल्यामुळे घाम सुकत नाही, रात्र थंड होत नाही, झोप लागत नाही. ह्या स्थितीला हिंदीत 'उमस' म्हणतात. हा शब्द कोशकार संस्कृत 'ऊष्म' शब्दाकडे नेतात. मराठी 'उकाडा' त्याच्या बराच जवळ आहे. जुने दुखणे पुरवैयेत पुन्हा ठणकते, अशी मैदानातील सार्वत्रिक समजूत असून तिचे कितीतरी भावगर्भ उपयोग लोकगीतांनी केले आहेत. वैद्यकीय दृष्टीने पाहता ३८ अंशांची दमट हवा ही ४२ अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा अधिक घातक ठरू शकते, हे आता सर्वमान्य आहे. लोकांच्या शब्दसंग्रहात ह्या दोन यातनांना दोन नावे आहेत. पत्रकाने त्यांपैकी एकाच नावाला निकष दिला आणि दुसरे वाऱ्यावर सोडले. 'आज लू नहीं चलेगी' असे ऐकणारा मजूर ह्या दुसऱ्या प्रकारच्या दिवशी निर्धास्तपणे बाहेर पडला, तर दोष त्याचा नव्हे.

पुरवैया आणि पछुआ ह्यांची गाठ पडते, तेथेच आंधीचा जन्म होतो. जमिनीलगत तापलेली हवा, पूर्वेकडून शिरलेले बाष्प, आणि उंचावर पश्चिमेकडून आलेला थंड हवेचा पट्टा, ही तिची सामग्री. भूमध्य समुद्राकडून इराण व अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या ज्या वातावरणीय विक्षोभांमुळे उत्तरेत हिवाळी पाऊस पडतो, त्यांचेच उन्हाळ्यातील मागे राहिलेले भाऊबंद हे काम करतात. मेघ तयार होतो, परंतु खालची हवा इतकी कोरडी असते की मेघाचा तळ जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंच राहतो. त्यातून पडणारा पाऊस वाटेतच वाफ होऊन नाहीसा होतो. वाफ होताना तो भोवतालची हवा थंड करतो. ही थंड, जड हवा दगडासारखी खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. तिची पुढची कड कापणी झालेल्या मोकळ्या शेतांतील धूळ उचलते. दुरून पाहणाऱ्यास क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहून चालत येताना दिसते. ती आली की दहा-पंधरा मिनिटांत तापमान दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक उतरते. शेवटी चार थेंब पडतात, पुष्कळदा तेही नाहीत.

महाराष्ट्रातील वळवाच्या पावसाची जातकुळी हीच होय. तोही दुपारी तापलेल्या हवेतून उठतो, तोही विजा आणि वारा घेऊन येतो. फरक ओलाव्याचा. येथे मेघाचा तळ खाली असतो, पाऊस जमिनीपर्यंत पोचतो, आणि म्हणून नाव पावसाला मिळाले, वाऱ्याला नाही. तेथे पाऊस वाटेत आटतो, पोचते ती धूळ. म्हणून नाव धुळीच्या परिणामाला मिळाले. 'आंधी' हा शब्द संस्कृत 'अन्ध' शब्दापासून आलेला आहे. आंधी म्हणजे अंधार करणारी, डोळ्यांपुढचे नाहीसे करणारी. लोक तिचे आणखी प्रकारही रंगावरूनच पाडतात : पीली आंधी, लाल आंधी, काली आंधी. कोणत्या मातीची धूळ आहे, ती किती दाट आहे आणि तिच्यामागे मेघ किती काळा आहे, हे त्या विशेषणांतून जाणत्याला कळते. मोठी व उग्र असेल तर 'अंधड़'. लहानशी गरगरती धुळीची उभार ती 'बवंडर' किंवा 'बगूला', आपली वावटळ. 'आंधी' हा शब्द शास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांतही गेला आहे. १९८० साली 'मौसम' ह्या नियतकालिकात जोसेफ, रायपाल व डेका ह्यांनी वायव्य भारतातील धुळीच्या वादळांवर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच 'आंधी' हा शब्द आहे.

क्रियापदांकडे पाहिले असता हे वर्गीकरण अधिक स्पष्ट होते. लू 'चलती' असते. ती 'आली' असे सहसा कोणी म्हणत नाही. ती अवस्था आहे, तिला आरंभबिंदू नाही. आंधी 'उठते', 'येते' आणि 'निघून जाते'. ती घटना आहे. 'आंधी चली' असाही प्रयोग होतो, पण 'उठना' आणि 'आना' ह्या क्रियापदांत तिचे जे चित्र आहे, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील आहे : क्षितिजावर काही तरी उभे राहिले, ते इकडे येत आहे, आणि ते पोचेपर्यंत वेळ आहे. तेवढ्या वेळात वाळत घातलेले कपडे, खाटा, जनावरे, भुसा, सगळे आवरले जाते. आंब्याच्या बागेखाली मुले जमतात. 'आंधी के आम' हा स्वस्तात लाभलेल्या वस्तूविषयीचा वाक्प्रचार ह्याच गडबडीतून आला आहे. म्हणजे शब्दाच्या पोटातच एक पूर्वसूचना साठविलेली आहे, आणि ती सर्वस्वी दृष्टीवर अवलंबून आहे.

येथे मराठी वाचकाला सावध करणे आवश्यक आहे, कारण ह्या क्षेत्रात सहोदर शब्दच अधिक फसवितात. हिंदी 'बादल' आणि मराठी 'वादळ' हे एकाच संस्कृत 'वार्दल' शब्दाचे, प्राकृत 'वद्दल' मार्गे आलेले, दोन वंशज होत. 'वार्दल' म्हणजे पावसाळी, ढगाळ दिवस. हिंदीने त्यातील ढग ठेवला, मराठीने त्यातील क्षोभ. आद्य 'व' चा हिंदीत 'ब' झाला, मराठीत 'ल' चा 'ळ' झाला, हे नियमाला धरूनच आहे. अर्थ मात्र दोन टोकांना गेले. 'ओले पड़े' ह्या वाक्यातील 'ओला' म्हणजे गार, संस्कृत 'उपल' म्हणजे दगड ह्यापासून आलेला. मराठी 'ओला' शब्दाशी त्याचे नाते नाही. हिंदीत 'हवा' वाहते आणि 'मौसम' बिघडतो. मराठीत वारा वाहतो आणि हवा बिघडते. अरबी 'मौसिम' शब्द मराठीत 'मोसम' होऊन ऋतूपुरता राहिला आणि हिंदीत रोजच्या हवेचे नाव बनला. 'तूफान' तर दोन्हीकडे आहे. हिंदीत तो समुद्रावरील चक्री वादळालाही लागतो आणि 'आंधी-तूफान' ह्या जोडशब्दात मैदानी वादळालाही. मराठीत 'तुफान' हे आज बहुतांशी विशेषण झाले आहे : तुफान गर्दी, तुफान पाऊस. वादळाच्या जातीसाठी मराठी एकच सामान्यनाम घेऊन त्याला विशेषणे जोडते : चक्रीवादळ, गडगडाटी वादळ, धुळीचे वादळ. २ मेच्या घटनेची मराठी वार्ता ह्या शेवटच्या नावानेच द्यावी लागते. ते नाव चुकीचे नाही. परंतु त्यात धूळ मुख्य आणि वारा गौण वाटतो. माणसे धुळीने मेली नाहीत. भिंती, छपरे, झाडे आणि विजेचे खांब अंगावर पडून मेली.

आता त्या रात्रीचा विचार करता येईल. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांपलीकडे गेला होता. परंतु वेग हे मृत्यूंचे पुरते स्पष्टीकरण होत नाही. उत्तरेच्या मैदानाला आंधीची ओळख नाही, असे कोणी म्हणणार नाही; तेथे दर उन्हाळ्यात ती कित्येक वेळा येते. ज्या समाजाजवळ एखाद्या संकटाचे नाव आहे, त्याचे रंग आहेत, त्याची क्रियापदे आहेत, तो समाज त्याच संकटात इतका असहाय का व्हावा? घरे कच्ची होती आणि वादळ मोठे होते, हे उत्तर खरे आहे. त्याला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते. बऱ्याच गावांत वादळ पोचले ते दिवस मावळल्यावर, अनेक जण घरात झोपलेले असताना. रात्री क्षितिज नाही. भिंत उठताना दिसत नाही, तिचा रंग दिसत नाही, ती चालत येताना दिसत नाही. अंधार करणारी म्हणून जिचे नाव पडले, ती अंधारातच आली, तर तिला ओळखण्याची खूणच उरत नाही. लोकभाषेतील ज्ञान खोटे नव्हते. ते दिवसाचे ज्ञान होते.

त्यात आणखी एक विपर्यास आहे. दिवसाच्या आंधीत माणूस बाहेरून घरात धावतो, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. पक्क्या घराच्या बाबतीत रात्रीही ते योग्यच. मातीच्या भिंती किंवा नुसत्या विटा रचून त्यावर टाकलेले पत्रे व दगडी फरशा असे घर असेल, तर ताशी साठ किलोमीटर आणि ताशी एकशेवीस किलोमीटर ह्या दोन वाऱ्यांत त्या घराचा अर्थ बदलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पहिल्या वाऱ्यात जे आश्रयस्थान, तेच दुसऱ्या वाऱ्यात धोक्याचे ठिकाण. 'आंधी' ह्या शब्दात हा भेद सामावलेला नाही. रंगाने धुळीची जात कळते, दाब कळत नाही.

हा भेद सांगण्याचे काम परिभाषेचे. परिभाषा ते करते काय? हवामानशास्त्रात वाऱ्याचा वेग अचानक निदान १६ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटरने, वाढून २२ नॉट किंवा अधिक झाला आणि निदान एक मिनिटभर टिकला, तर त्याला एक स्वतंत्र संज्ञा आहे. पारिभाषिक कोशांनी तिच्यासाठी 'चंडवात' हा शब्द दिला आहे. मराठी विश्वकोशानेही तोच स्वीकारला आहे. शब्द सुघटित आहे, अर्थवाहीही आहे. परंतु भरतपुराच्या खेड्यात तो कोणी बोलत नाही, आणि रात्री आठ वाजता ज्याला तो ऐकवायचा त्याला तो प्रथम समजावून द्यावा लागेल. 'लू' च्या बाबतीत लोकांचा शब्द घेऊन त्याचा अर्थ बदलला गेला. येथे अर्थ नेमका ठेवून लोकांबाहेरचा शब्द घेतला गेला. दोन्ही वाटांनी बोलणारा आणि ऐकणारा ह्यांच्यामध्ये तेवढेच अंतर पडते. व्यवहारात वृत्तपत्रे व आकाशवाणी 'आंधी-तूफान' म्हणून मोकळी होतात, आणि नित्याची आंधी व प्राणघातक आंधी ह्यांना पुन्हा एकच नाव मिळते. पिवळा, नारिंगी, लाल असे इशाऱ्यांचे रंग ठरविण्यात आले आहेत. ते उपयुक्त आहेत यात शंका नाही. पण जेथे पीली, लाल व काली ही आंधीचीच विशेषणे आहेत, तेथे 'पिवळा इशारा' आणि 'पीली आंधी' ह्यांची गल्लत होणे अशक्य नाही, एवढे रंग ठरविणाऱ्यांच्या ध्यानात आले होते की नाही कोण जाणे.

७ मेच्या इशाऱ्याची हकीकत ह्याच संदर्भात महत्त्वाची आहे. बुधवारच्या हानीनंतर इशारे व्यापक प्रदेशासाठी आणि ठळकपणे दिले गेले. हरियाणाने शाळा बंद केल्या, दिल्लीनेही सायंकाळच्या शाळांना सुट्टी दिली. त्या सोमवारी रात्री दिल्लीवर धुळीचे वादळ आले, पण बुधवारच्या मानाने ते सौम्य होते. पुढील रविवारी, १३ मे रोजी, दिवसाढवळ्या दिल्लीचे आकाश काळवंडले आणि वाऱ्याने ताशी १०९ किलोमीटरचा वेग गाठला. त्या दिवशीही देशाच्या निरनिराळ्या भागांत वादळ व वीज ह्यांनी कित्येकांचे बळी घेतले. दोन तारखांची तुलना करून दिवसाची आंधी कमी मारक असते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रदेश निराळे, घरे निराळी, लोकवस्ती निराळी. तथापि सोमवारचा सौम्य वारा आणि रविवारचा उग्र वारा ह्या दोहोंना वार्तांत एकच नाव मिळाले, ही गोष्ट भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. 'आंधी येणार' म्हणून शाळा बंद ठेवली आणि आली ती साधी आंधी, असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी शब्दाचे वजन उरत नाही.

आता भ्रमणध्वनीवर जिल्ह्याजिल्ह्याला स्थानिक भाषेत इशारा पाठविता येतो, आणि पुढील तीन तासांपुरते भाकीत करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. विजेची सूचना देणारी 'दामिनी' ही प्रणाली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतूनच निघाली. तेव्हा प्रश्न आता यंत्राचा तितकासा राहिला नसून संदेशात लिहावयाच्या दहा-बारा शब्दांचा आहे. त्यांची घडण करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतील. नाव लोकांचेच असावे, म्हणजे 'आंधी' किंवा 'अंधड़'. परंतु त्याला परिणामाची जोड हवी. 'ताशी ११० किलोमीटर' ह्या आकड्याचा अर्थ ऐकणाऱ्याने लावावा, अशी अपेक्षा धरण्याऐवजी 'कच्ची भिंत पडेल, पत्रे उडतील' असे म्हणता येते. दुसरे, वेळ घड्याळातही सांगावी आणि दिवसाच्या प्रहरातही. तिसरी गोष्ट सर्वांत उपेक्षित. रात्रीच्या इशाऱ्यात 'दिसणार नाही' हे शब्द असले पाहिजेत. ज्या माणसाच्या भाषेने त्याला आंधी डोळ्यांनी ओळखण्यास शिकविले आहे, तो काहीच दिसत नाही म्हणून स्वस्थ पडून राहील. भिंत उठलेली दिसणार नाही, वारा एकदम येईल, आत्ताच पक्क्या घरात जा, एवढे सांगावयास हिंदीत, ब्रजभाषेत किंवा भोजपुरीत एकही नवा शब्द घडवावा लागत नाही.